संगणकावरील लेखन : काही व्यावहारिक सूचना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिष्यवृत्तीचा अर्ज असो, नोकरीचा असो वा शाळेचा प्रकल्प असो, आज तो बहुधा संगणकावरच तयार करावा लागतो. टंकलेखनाच्या परीक्षाही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आता संगणकावर घेते. असे असूनही आपल्यापैकी पुष्कळ जण दहा ओळींच्या अर्जासाठी झेरॉक्सच्या दुकानात ताटकळत उभे राहतात. हे काम स्वतःचे स्वतः करता यावे, या हेतूने मी काही साध्या गोष्टी सांगणार आहे. 'वर्ड' विकत घेणे परवडत नसेल तर 'लिबर ऑफिस' मोफत मिळते. माझ्या सूचना दोन्हींना लागू आहेत.

पहिली गोष्ट मराठी अक्षरांची. जुन्या पद्धतीच्या अनेक फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतात. फक्त त्यांचे रूप देवनागरी दिसते. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला, की आपल्या अर्जाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून मजकूर दुसरीकडे उघडला तरी मराठीच राहतो. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की युनिकोडचा कळफलक मिळतो. त्यातील इन्स्क्रिप्ट मांडणी भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आहे. ती एकदा हाताला बसली, की हिंदीसाठी वेगळे शिकावे लागत नाही. 'दुसऱ्या'तील 'ऱ्या' अनेकांना सापडत नाही. शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबावी, मग हलन्त, मग 'य' आणि काना.

दुसरी गोष्ट मांडणीची. मथळा मध्यभागी आणण्यासाठी मोकळ्या जागेची कळ वीस वेळा दाबू नका. त्यासाठी स्वतंत्र बटण आहे. नवे पान हवे असल्यास एंटर दाबत खाली जाऊ नका. कंट्रोल व एंटर एकदम दाबा. नाहीतर वर एक ओळ वाढली, की खालची सर्व मांडणी विस्कटते. प्रकल्पातील मथळ्यांना 'हेडिंग' ही शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका संगणकच तयार करून देतो.

तिसरी गोष्ट जतन करण्याची. पहिली ओळ लिहिताच फाईलला नाव द्या आणि दर थोड्या वेळाने कंट्रोल व एस दाबा. चुकून मजकूर पुसला गेला तर कंट्रोल व झेड. जुन्या अर्जावरून नवा करायचा असेल तर आधी 'सेव्ह ॲज' करून नवे नाव द्या, मगच बदल करा. नाहीतर जुना अर्ज हातचा जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली नावे उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतात. 'मोहम्मद', 'मुहम्मद' आणि 'महंमद' ही तुम्हा-आम्हाला एकाच नावाची रूपे वाटतात. संगणकाला ती तीन वेगळी नावे आहेत. दाखल्यावर एक आणि अर्जावर दुसरे, अशी तफावत पडली की ऐन वेळी मुलाला कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात. शुद्धलेखन तपासणारी सोय येथे उपयोगी पडत नाही. म्हणून प्रत्येक घराने एक फाईल करावी. तीत प्रत्येकाचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे मराठीत आणि इंग्रजीत एकदा नीट तपासून लिहावी. पुढे प्रत्येक अर्जात तेथूनच नक्कल करून घ्यावी. कोणी वेगळे लिहिले असल्यास 'शोधा व बदला' या सोयीने ते दुरुस्त करता येते. मात्र एकेक बदल डोळ्यांनी पाहूनच मान्य करावा.

अर्ज पूर्ण झाल्यावर छापण्याआधी घरातील दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा, म्हणजे मांडणी हलत नाही. दुकानात काम केले असेल तर तेथील संगणकावरची आपली प्रत पुसायला, आणि मग कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला विसरू नका. त्या कागदावर तुमचा आधार क्रमांक आणि बँकेचे खाते असते.

मुलांनो, या गोष्टी आज रात्री घरी करून पाहा आणि आई-वडिलांनाही शेजारी बसवा. नावाची फाईल त्यांच्याशिवाय पुरी होणार नाही.