अक्षर आणि त्याचा क्रमांक

संगणकाच्या पडद्यावर 'र' दिसतो, परंतु यंत्राच्या पोटांत अक्षर नसतें; असतो तो केवळ अंक. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या 'ॲस्की' कोष्टकांत अवघ्या १२८ जागा होत्या, आणि त्यांत देवनागरीस थारा नव्हता. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व देवनागरीस स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. दहांऐवजीं सोळांच्या पायावर मोजलें असतां 'र'चा क्रमांक ०९३० येतो.

जागा मिळाली, तरी वाट लगेच मोकळी झाली नाहीं. जावा या संगणकभाषेंत, पडद्यावर दाखवावयाचीं भाषांतरित वाक्यें 'प्रॉपर्टीज' फायलींत ठेवतात. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपूर्वीं त्या फायली पश्चिम युरोपीय कोष्टकानुसारच वाचल्या जात. तेथें मराठी सरळ लिहिली, तर पडद्यावर निरर्थक चिन्हें उमटत. त्यावर तोड अशी कीं, अक्षराऐवजीं त्याचा क्रमांक लिहावा: प्रथम बॅकस्लॅश ही उलटी तिरपी रेघ, मग 'यू', मग ०९३०. यासच युनिकोड एस्केप म्हणतात. वाचणारी आज्ञावली ती खूण ओळखते व त्या जागीं पुन्हां 'र' बसविते.

रूपांतराची रीति सोपी आहे. एकेक चिन्ह घ्यावें. ॲस्कींतील असेल तर तसेंच ठेवावें, नसेल तर त्याचा क्रमांक चार स्थानांत लिहावा. तथापि दोन ठिकाणीं पाय घसरतो. डोळ्यांस एक दिसणारें 'ठी' यंत्रास दोन चिन्हें आहेत: 'ठ' आणि वेलांटी. शिवाय चार स्थानांत ६५,५३६ क्रमांकच मावतात. पेशवे दप्तराची मोडी लिपि २०१४ सालीं युनिकोडमध्यें आली, ती या मर्यादेपलीकडे. म्हणून जावांत मोडीच्या एका 'क'स दोन संकेतांची जोडी लागते.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. संकेतांनीं भरलेली फाइल यंत्र सुखानें वाचतें. मुद्रितें तपासणारा मनुष्य तींत आंधळा होतो. 'दिन'चा 'दीन' झाला, तर तेथें केवळ एका क्रमांकाचा फरक पडतो, आणि तो कोणाच्याच डोळ्यांस खुपत नाहीं. आज यूटीएफ-८ पद्धतीमुळें बहुतेक ठिकाणीं मराठी सरळ लिहितां येते. तेव्हां मूळ मजकूर मराठींतच लिहावा, मराठींतच तपासावा व जपावा. जेथें जुनें यंत्र वाट अडवील तेथेंच, आणि तेंहि अगदीं शेवटीं, अक्षरांचे क्रमांक करावेत. तें काम यंत्राकडेच सोंपवावें. शुद्धलेखन मात्र माणसानेंच पाहावें.