वायरमन बोलावण्यापूर्वी

(सोसायटीच्या गणेशोत्सवात, रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा कमिटीचा आदेश होता. पण टँकरच्या पाण्याच्या आणि लोडशेडिंगच्या आठवणी इतरांनी सांगून झाल्या आहेत. मी माझ्या एका चुकीची आठवण सांगतो. ती तुमच्या उपयोगी पडेल.

आपण इथे राहायला आलो तेव्हा घरात काय होतं? एक फ्रिज, एक टीव्ही, मिक्सर, चार पंखे आणि एक गीझर. बिल्डरने वायरिंग केलं ते त्या हिशेबाने. आज त्याच घरात दोन एसी, दोन गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आहे. घर वाढलं नाही, भिंतीतली तारही बदलली नाही. भार मात्र वाढला.

मुलाने बेडरूमला एसी घ्यायचं ठरवलं. मी नाक्यावरच्या एकाला बोलावलं. स्वस्त होता आणि लगेच येणार होता, एवढीच चौकशी केली. त्याने आहे त्याच प्लग पॉइंटवरून एसीला जोड दिला आणि अठराशे रुपये घेऊन गेला. पण एसी चालू असताना कोणी इस्त्री लावली की लाइट जायची. त्याला परत बोलावलं. त्याने दहा अँपिअरचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवला आणि म्हणाला, "काका, आता ट्रिप व्हायचं नाव नाही." मी खूश! वर चहा पाजला.

पुढच्या मे महिन्यात एका रात्री सौ.ने मला हलवून उठवलं. "अहो, काहीतरी जळतंय." आधी आम्ही स्वयंपाकघरात गेलो. तिथे काही नव्हतं. वास बेडरूममधून येत होता. तिथे नातू झोपला होता, आणि त्याच्या उशाशीच तो स्विचबोर्ड. प्लेट तपकिरी झालेली, हात लावला तर चटका बसला. मेन स्विच पाडला, नातवाला उचलून हॉलमध्ये आणलं आणि उरलेली रात्र आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत काढली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या विंगमधल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या माहितीतला परवानाधारक माणूस पाठवला. तिशीतला मुलगा. त्याने आधी पैशांचं बोलणंच काढलं नाही. घरातली सगळी यंत्रं कागदावर लिहून घेतली, मग बोर्ड उघडला. आत एक चौरस मिलिमीटरची जुनी तार, तिला नुसती पीळ देऊन जोडलेली दुसरी तार आणि वर चिकटपट्टी.

तो म्हणाला, "काका, एमसीबी एसीसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. ही तार साधारण दहा अँपिअरची. एसी आठ घेतो, इस्त्री चार. जुना एमसीबी पडत होता, म्हणजे आपलं काम करत होता. बत्तीसचा लावल्यावर तार जळेपर्यंत तो गप्पच बसणार."

मी बँकेत आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले. कागद पूर्ण नसले तर भल्याभल्यांना परत पाठवलं. खातेदाराने मर्यादेबाहेर पैसे उचलले तर त्याला जाब विचारला. आणि माझ्या घरात मी काय केलं? तारेची मर्यादा ओलांडली म्हणून ओरडणारा पहारेकरीच काढून टाकला!

मग त्याने बाथरूममधला गीझरचा पॉइंट उघडला. अर्थिंगच्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. किती वर्षं, देव जाणे. तो म्हणाला, "एसीचं तुम्हाला वासाने कळलं. याचा वास आला नसता." सौ. तिथेच स्टुलावर बसली.

काम चार दिवस चाललं, अठ्ठावीस हजार खर्च आला. भिंती फुटल्या, धूळ झाली. पण आता एसीला आणि गीझरला डीबीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आहे, अर्थिंग आहे आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइट तोडतो.

तेव्हा माझी विनंती ऐका. वायरमन बोलावलात तर आधी परवाना विचारा. विचारायला संकोच नको, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. एस्टिमेट लेखी घ्या. त्यात तार किती जाडीची, आयएसआय आहे का, कुठल्या पॉइंटला कुठला एमसीबी, हे लिहिलेलं हवं. भिंत बुजवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अर्थिंगची आणि तारेच्या इन्सुलेशनची तपासणी तुमच्यासमोर करून घ्या, आणि ती होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. हा बँकवाल्याचा सल्ला आहे! वारंवार ट्रिप होत असेल तर मोठा एमसीबी मागू नका, कारण शोधायला सांगा. आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघा. वापर त्याहून जास्त असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करून तो वाढवून घ्या.

कमिटीलाही एक सांगणं आहे. तळमजल्यावरची मीटर रूम सगळ्यांची आहे. तिथल्या केबली आणि अर्थिंगही आपल्याइतक्याच जुन्या आहेत. रौप्यमहोत्सवी वर्षात गेटला नवा रंग लागला, छान झालं. आता परवानाधारक ठेकेदाराकडून त्या खोलीची तपासणी करून घ्या. एका घरातली ठिणगी विंग विचारून पेटत नाही.

आज घरी गेल्यावर डीबीचं झाकण उघडा. आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण दिसेल. संगणक वगैरे बंद करून ते दाबा. लाइट गेली तर समाधानाने खटका वर करा. गेली नाही, किंवा ते बटणच सापडलं नाही, तर उद्या मला भेटा. त्या मुलाचा नंबर माझ्या डायरीत आहे.

गणपती बाप्पा मोरया!