विद्यापीठाच्या आवारातील एड्स



आफ्रिकेतील विद्यापीठे आणि एड्स हा विषय निघाला की चर्चा बहुधा तरुणांच्या चारित्र्यावर येऊन ठेपते. घरचा धाक सुटलेली मुले-मुली वसतिगृहात राहणार, मग दुसरे काय होणार, असा सूर लागतो. स्वतःला पुरोगामी म्हणविणारेही तो आळवतात. दक्षिण आफ्रिकेने २००८-०९ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांत रक्ततपासणीसह जी पाहणी केली, तिचे आकडे मात्र वेगळेच सांगतात.

विद्यार्थ्यांत एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण ३.४ टक्के निघाले. प्राध्यापकांत ते १.५ टक्के, आणि झाडलोट, बागकाम असली कामे करणाऱ्या सेवकवर्गात १२.२ टक्के! आवार एकच. तरीही हा आठपट फरक. तो संयमाच्या कमीअधिकपणाने उलगडत नाही. तो वर्गाचा फरक आहे, आणि त्या देशात वर्ग म्हणजे बव्हंशी वर्णही.

विद्यार्थ्यांतही मुलग्यांत १.५ टक्के, तर मुलींत ४.७. मुली तिपटीने स्वैर वागतात, असे कोणी म्हणणार आहे काय? क्वाझुलू-नाताल प्रांतात विषाणूंच्या जनुकीय साम्यावरून झालेल्या अभ्यासात तरुण मुलींना लागण देणारे पुरुष त्यांच्याहून सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठे आढळले. म्हणजे बहुधा मिळवते पुरुष. शुल्क, खोलीभाडे, कधी जेवणसुद्धा ज्याच्या पैशावर चालते, अशा पुरुषाला तिकडे ‘ब्लेसर’, म्हणजे आशीर्वाद देणारा, म्हणतात. नाव मोठे बोलके आहे. आशीर्वाद घेणाऱ्याने अटी घालावयाच्या नसतात. मग निरोधाचा आग्रह ती कशी धरणार?

‘संयम पाळा, एकनिष्ठ राहा, निरोध वापरा’ ही युगांडात गाजलेली त्रिसूत्री हा निर्णय मुलीच्या हाती आहे असे गृहीत धरते. युगांडाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. लोकप्रिय गायक फिली लुटाया यांनी १९८९ साली आपला आजार जाहीर केला, मरणाच्या दारात उभे राहून ते लोकांशी बोलले. त्या धैर्याने देशाची जीभ मोकळी झाली. पण २००३ नंतर अमेरिकन मदतीतील प्रतिबंधाच्या निधीचा एक-तृतीयांश भाग ‘विवाहापर्यंत संयम’ या प्रचारासाठी राखला गेला. पैशाबरोबर प्रवचनही आले.

२०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थी शुल्कवाढीविरुद्ध रस्त्यावर आले. कंत्राटी सफाई कामगारांना विद्यापीठाच्या सेवेत घ्या, ही मागणीही त्यांनी जोडली आणि काही विद्यापीठांना ती मान्य करावी लागली. २०१७ च्या अखेरीस गरीब व कामगार कुटुंबांतील मुलांसाठी निःशुल्क उच्च शिक्षणाची घोषणा झाली. एड्स-प्रतिबंधाच्या खात्यावर हे यश सहसा कोणी मांडत नाही, मांडावयास हवे. ज्या मुलीचे शुल्क भरलेले आहे, ती ‘नाही’ म्हणू शकते.

आता औषधानेही मोठी मजल मारली आहे. सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापाव्हिर या इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुणींवर झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. येथे पुरुषाची संमती लागत नाही, हे त्याचे खरे महत्त्व. अमेरिकेत त्याची वार्षिक किंमत २८ हजार डॉलरांवर आहे. भारतीय कंपन्यांनी ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरांत गरीब देशांना पुरवावे, असा करार २०२५ मध्ये जाहीर झाला. पण ते टोचावयास दवाखाना उघडा लागतो, आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मदत रोखताच दक्षिण आफ्रिकेत एड्सचे काम करणाऱ्या काही दवाखान्यांना कुलपे लागली.