गंज आणि शीण : अणुभट्टीच्या पोलादाची गोष्ट



लोखंडाची एक बारीक तार घ्या. एकदा वाकवली म्हणून ती तुटत नाही. पण तीच पुढे-मागे, पुढे-मागे वाकवीत राहा. थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे तुमच्या हातात येतील. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. एका हिसक्याने जे झाले नाही, ते पुन्हा पुन्हा दिलेल्या ताणाने झाले. माणसासारखीच धातूही शिणते. ह्या शिणण्यातून तिच्यात बारीकशी भेग पडते आणि ती भेग वाढत जाते.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट वोलर नावाच्या अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. आस का मोडतात, हा त्याचा प्रश्न. त्याला दिसले की ताण एका ठरावीक मर्यादेखाली ठेवला, तर पोलाद लाखो फेरे सोसूनही मोडत नाही. केवढा दिलासा! पण ही गोष्ट कोरड्या हवेतली. तेच पोलाद गंजवणाऱ्या पाण्यात ठेवा, की तो दिलासा संपला. मग कमी ताणानेही कधी तरी भेग पडतेच.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर पोहऱ्याला तार बांधलेली असे. ती तुटायची ती नेहमी एकाच जागी, पोहऱ्याच्या कडीजवळ. तिथेच ती रोज वाकायची आणि तिथेच ती सदा ओली असायची. आजी म्हणे, "अरे, तार गंजली." वडील म्हणत, "गंजली नाही, वाकून वाकून तुटली." खरे तर दोघांचेही बरोबर होते.

आता विहिरीवरून एकदम अणुभट्टीकडे जाऊ या. अंतर मोठे आहे खरे, पण प्रश्न तोच आहे. आपल्या तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. ह्या जातीत पोलादाच्या एका प्रचंड भांड्यात पाणी उकळते. आत उष्णता सुमारे २८५ अंश सेल्सिअस आणि दाब हवेच्या दाबाच्या सत्तर पट. भांड्याची भिंत कित्येक इंच जाड, आणि आतून स्टेनलेस पोलादाचे पातळ अस्तर. इतक्या जाड भिंतीला भेग पडेल कशी, असे तुम्हाला वाटेल.

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात अशा अनेक भट्ट्यांत भेगा सापडल्या. जागाही ठरलेली : जिथून भांड्यात ताजे पाणी येते, त्या नळाच्या तोंडाशी. येणारे पाणी आतल्या पाण्यापेक्षा बरेच थंड. ते फटीतून झिरपे आणि नळाच्या तोंडाच्या कडेवर गरम-थंड, गरम-थंड असे चटके सतत बसत. त्यातून अस्तरावर बारीक भेगा पडल्या. पुढे भट्टी चालू करताना आणि बंद करताना दाब चढे-उतरे. त्या ताणाने काही भेगा अस्तर ओलांडून मूळ पोलादात शिरल्या.

तिथे पाणी आपले काम करते. गरम पाण्यात पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. जखमेवर खपली धरते ना, तसेच. ताण आला की भेगेच्या टोकाशी ही खपली फाटते, उघडी धातू पाण्यात विरघळते, पुन्हा खपली धरते. पुढच्या ताणाला ती पुन्हा फाटते. पोलादात गंधकाचे सूक्ष्म कण असले तर ते भेगेच्या टोकाशी विरघळतात आणि तिथले पाणी अधिकच जहाल करतात. पाण्यात ऑक्सिजन मिसळलेला असेल तर धोका आणखी वाढतो.

ह्यातली एक गोष्ट मोठी फसवी आहे. आपल्याला वाटते, ताण झटपट आला तर नुकसान जास्त. प्रयोगशाळेत उलट दिसले. गरम पाण्यात ताण सावकाश चढवला, तर दर फेऱ्यामागे भेग पुष्कळदा जास्तच वाढते, कारण पाण्याला कुरतडायला वेळ मिळतो. म्हणजे कोरड्या हवेत, घाईने केलेली परीक्षा आपल्याला खोटाच धीर देते. भट्टीचा दाब तर तासन्‌तास, सावकाशच चढतो!

मग उपाय काय? नळाच्या तोंडाशी थंड पाणी झिरपू नये म्हणून आतली बाही अधिक घट्ट बसवली. काही ठिकाणी तिथले अस्तरच काढून टाकले. नव्या भांड्यांसाठी कमी गंधकाचे पोलाद वापरतात, पाण्यातला ऑक्सिजन काटेकोरपणे आवरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी. आपल्या कानांना ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी पोलादात सोडतात. वाटेत भेग असली तर तो तिच्यावर आदळून परततो. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, न चुकता हे करावे लागते. कारण भट्टीतले पुष्कळ भाग बदलता येतात. हे भांडे मात्र सहसा बदलता येत नाही. ते फुटूच द्यायचे नसते.

कुंभार मडके विकण्यापूर्वी बोटाने वाजवून दाखवतो. भेग असली तर आवाज बद्द येतो. अणुभट्टीचा तंत्रज्ञ निराळे काय करतो? भेग लहान आहे तोवरच ती शोधायची, हीच दोघांची विद्या. पोलाद जाड आहे म्हणून निर्धास्त राहणारा फसतो. ते वेळच्या वेळी वाजवून पाहणारा तरतो.