पाट येण्याआधी पाण्याचा हिशेब
(राहाता येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या राहाता तालुक्यात दोन तऱ्हेची गावे आहेत. एक गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालची, जिथे तीन पिढ्यांनी पाटपाणी पाहिले. दुसरी केलवड, आडगाव या बाजूची, जिथे पेरणी झाली की आभाळाकडे पाहायचे. निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. ज्यांनी पाण्याची वाट पाहिली त्यांतले पुष्कळ जण ते पाहायला राहिले नाहीत, आणि त्यांची नातवंडे कामासाठी शिर्डीला किंवा पुण्याला गेली. आता पाणी आले म्हणजे गावे आपोआप भरतील, असे आपण धरून चाललो आहोत. त्याविषयीच मला आज बोलायचे आहे.

जुन्या कालव्यांखालच्या मंडळींना विचारा. पाणी आले, ऊस आला, कारखाने उभे राहिले, मुले शिकली. हे सर्व खरे आहे. परंतु भारी काळ्या जमिनीत मोकाट पाणी दिल्याने आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने किती क्षेत्र चोपण झाले, हेही त्यांनाच ठाऊक. चारीच्या तोंडाशी चिखल आणि टेलच्या शेतकऱ्याच्या नशिबी वाट पाहणे, असे चित्र अनेक आवर्तनांत दिसते. तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते तेव्हा तर ओढाताण आणखी वाढते.

आता आपल्याच जिल्ह्यातील नगर तालुक्यात चला. हिवरे बाजार एके काळी कुस्तीसाठी ओळखले जाई. पुढे डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारू वाढली आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ साली तरुणांनी आग्रह करून एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान ही सूत्रे ठरली. डोंगरावर चर खोदले गेले, ओढ्यांवर बंधारे झाले. गाव आदर्श गाव योजनेत आले. पुढे २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे तिथे जातात आणि चर व बंधाऱ्यांचे फोटो काढून परततात. माझ्या मते खरी पाहण्यासारखी गोष्ट फोटोत येत नाही, ती म्हणजे तिथली ग्रामसभा.

जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावात पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवतात आणि विहिरींची पातळी मोजतात. पावसाळा संपला की ग्रामसभेत वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात रब्बीला काय बसते ते पाहायचे. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, हे गावाने स्वतः ठरवले. पाऊस कमी झाला की जास्त पाण्याची पिके कमी होतात.

हा हिशेब अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. १००० हेक्टरच्या गावात ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४०० कोटी लिटर झाले. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका; निम्म्याहून अधिक पाणी बाष्प होऊन जाते, काही ओढ्याने वाहते. मोकाट पाण्यावरच्या उसाला सुमारे २५० हेक्टर सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर पाणी लागते. हरभऱ्याला दोन पाणी दिले तर हेक्टरी साधारण १५ लाख लिटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात सोळा हेक्टर हरभरा भिजतो. ऊस लावूच नका, असे मी म्हणणार नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे आणि हरभऱ्याचा भाव काढणीला पडतो, हे मलाही दिसते. पण सोळा घरांचे पाणी एका घरी द्यायचे असेल तर ते सोळा घरांना विचारून द्यावे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “साहेब, मी थांबलो आणि शेजाऱ्याने लावला तर?” प्रश्न रास्त आहे. हिवरे बाजारची पीकबंदी गावाच्या एकमतावर चालते; प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाहीत. मात्र कालव्याच्या गावाला आणखी एक आधार आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी पाणी मोजून घेतले आणि आपसांत वाटले. पुढे २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने हीच वाट राज्यभर मोकळी केली. लाभक्षेत्रातील प्रत्येक खातेदार संस्थेचा सभासद असतो, संचालक मंडळात तोंड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना जागा असतात. तुमचा कोटा ठरतो. त्यात कोणते पीक घ्यायचे हे तुमच्या हाती. शेजाऱ्याने ऊस लावला तर तो त्याच्या कोट्यातला. तुमच्या पाण्याला हात लागत नाही. ठिबक केले तर वाचलेले पाणी पेरूच्या बागेला वापरता येईल, आणि राहात्याच्या पेरूला ओळख आहेच.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यावी लागते. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाच-दहा जणांच्या सह्यांवर गावाचे ठराव होतात. महिला तर बहुतेक ठिकाणी फक्त सहीपुरत्या. वास्तविक घरात पाणी किती लागते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही.

तेव्हा यंदा पावसाळ्याआधी शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा, नोंद वरच्या वर्गातील मुलांकडे द्या. ऑक्टोबरमध्ये वीस-पंचवीस विहिरींची पातळी दोरीने मोजून फळ्यावर लिहा, आणि तो फळा ग्रामसभेत समोर ठेवून रब्बीचे बोलणे सुरू करा. गणित मांडताना अडचण आली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात या. बाभळेश्वरला केंद्र आहे, तुम्हाला लांब नाही.