एका रुळावर दोन क्रेन



भोसरी असो, पिंपरी असो की चाकण.
मोठ्या शॉपमध्ये छपराखाली ईओटी क्रेन धावते.
डाय, कास्टिंग, जड जॉब, सगळं तीच उचलते.

मग तिचं ओव्हरहॉलिंग काढलं, तर काम चालू कसं ठेवायचं?

जड डाय आदल्या पाळीतच बदलून घ्या.
वायर रोप, ब्रेक लायनर, बेअरिंग हातात आल्यावरच क्रेन खोला.
मोठं काम गुरुवारच्या सुट्टीला किंवा दिवाळीच्या बंदमध्ये करा.

आता महत्त्वाचं.
एकाच रुळावर एक क्रेन दुरुस्तीला, दुसरी चालू.
खरा धोका इथे आहे.

चालती क्रेन फिटरपासून 6 मीटरच्या आत येता कामा नये.
1948 च्या कारखाने कायद्यानेच हे अंतर ठरवलं.
ऑपरेटरला नुसतं तोंडी सांगून भागत नाही.
रुळावर पक्का स्टॉपर हवा.
बंद क्रेनच्या आयसोलेटरला कुलूप हवं.
आणि दुसरी क्रेन चालू आहे, म्हणजे शेजारच्या बसबारमध्ये वीज आहे, हे फिटरला माहीत हवं.

पुन्हा सांगतो, 6 मीटर.

काम संपलं, तरी घाई नको.
लोड टेस्ट आणि सक्षम व्यक्तीची तपासणी होईपर्यंत हुकला माल लावू नका.