पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग



आजचा विषय वरकरणी लहान वाटेल. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे छायाचित्र कागदावर तसेच का उतरत नाही, आणि ते उतरावे म्हणून काय करावे, एवढाच तो आहे. परंतु आपल्यातील कित्येक होतकरू मुले-मुली लग्नाचे अल्बम, पत्रिका आणि फलक यांच्या कामात शिरत आहेत. त्यांच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. अल्बम छापून आला आणि नवरीचा लाल शालू विटकरी दिसला, की गिऱ्हाईक पैसे अडवते. छापखानेवाला म्हणतो, "तुम्ही दिले तेच छापले." दोघेही खरे बोलत असतात. भुर्दंड मात्र मधल्या मुलाला बसतो.

रंग जुळवण्याची विद्या आपल्या या भागाला नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली चित्रे छापण्याचा कारखाना काढला तो मुंबईत. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. पुढे तो कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. मूळ चित्रातील रंग सुटे करून एकेका दगडावर उतरवायचे, नमुना छापायचा, मूळ चित्राशेजारी धरून पाहायचा, आणि मग पुढे जायचे, असे ते काम.

परळ-लालबागच्या गिरण्याही आठवा. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांच्या कित्येक खात्यांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरे असत, आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असत. उत्तरेच्या बाजूने ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड बराचसा एकसारखा राहतो. कापडाची छटा पारखायलाही हाच उजेड चांगला मानला जाई. ठरलेला नमुना आणि ठरलेला उजेड, या दोन गोष्टींवाचून रंगाची पारख होत नाही. संगणकाच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे.

आता फरक का पडतो ते पाहू. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीजास्त मिसळून तो सगळे रंग दाखवतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. छपाईच्या शाया निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार. पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे रंग या शायांतून निघतच नाहीत. त्यात भर म्हणजे दुकानातून आणलेला पडदा बहुधा गरजेपेक्षा जास्त उजळ असतो आणि पुष्कळदा निळसर झाकही मारतो. असा उजळ पडदा पाहून तुम्ही चित्र गडद करता, आणि कागदावर ते काळवंडते.

"मला डोळ्यांनी कळते," असे म्हणू नका. आपला डोळा फार लवकर जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखाली धरलेला पांढरा कागदही आपल्याला पांढराच भासतो. वाणी हाताने तोलून साखर देत नाही, तराजू वापरतो. पडद्यासाठीही तसाच तराजू मिळतो. हे लहानसे रंगमापक यंत्र पडद्यावर टेकवून ठेवायचे. संगणक एकामागून एक ठरलेले रंग दाखवतो, यंत्र प्रत्यक्षात दिसलेला रंग मोजते, आणि दोहोंतला फरक काढून दुरुस्तीची फाइल तयार होते. तिला प्रोफाइल म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांचे रंग समजावेत म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन या फाइलींची समान पद्धत ठरवली.

काम करण्याचा क्रम असा ठेवा. पडद्यावर खिडकीचे ऊन पडू देऊ नका, आणि समोर-मागे भडक रंगाची भिंत नको. पडदा सुरू करून अर्धा तास तापू द्या. आपोआप उजेड बदलणारी आणि रात्री पिवळट करणारी सोय बंद करा. उजेड चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला, पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन आणि गॅमा २.२ ठेवून सुरुवात करा. मग यंत्राने मोजा. पडदा जुना होतो तसा बदलतो, म्हणून महिन्याकाठी पुन्हा मोजा.

एवढ्याने काम संपत नाही. छापखान्याकडून त्यांच्या यंत्राची आणि कागदाची प्रोफाइल मागून घ्या. ती लावली की छापल्यावर चित्र कसे दिसेल याचा अंदाज पडद्यावरच येतो. मोठे काम देण्यापूर्वी एक लहान नमुना छापून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशात पाहा. छपाईच्या धंद्यात यासाठी ५००० केल्व्हिनचा दिवा प्रमाण मानतात. गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या नमुन्यावर त्याची सही घ्या. पुढे वाद झाला तर ती सही उपयोगी पडते.

पालकांना माझी विनंती आहे. मूल दिवसभर पडद्यासमोर बसते म्हणून रागावण्यापूर्वी ते काय शिकते आहे ते पाहा. हे काम घरात बसून करता येते, त्यामुळे मुलींनाही ते जमण्यासारखे आहे. यंत्र प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. ते महिन्यातून एकदा लागते, म्हणून मोहल्ल्यातील पाच-सहा जणांनी वर्गणी काढून एक घेतले तरी सगळ्यांचे भागते. यंत्र मिळेपर्यंत निदान पडद्याचा उजेड कमी करा आणि आपल्या छापखान्यातून आलेला एक चांगला नमुना कायम शेजारी ठेवा.

विद्यार्थी मित्रहो, पडदा आणि कागद हुबेहूब एक कधीच होणार नाहीत. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. जेवढे जुळेल तेवढ्याचीच हमी द्या, आणि ती पाळा. गिरगावच्या खाडिलकर रोडवर पत्रिका पाहायला गेलेले गिऱ्हाईक दहा दुकाने हिंडते, पण ज्याच्याकडे दाखवलेला रंग आणि हाती पडलेला रंग एक निघतो, त्याच्याकडे दुसऱ्या मुलीच्या लग्नालाही परत येते. मापात पाप नको, हे आपण वाण्याला सांगतो. तेच आपल्या पडद्यालाही लागू करा.